पाडाव झालेल्यांचा समुद्र

प्रस्तावना

इ.स. १६७१ च्या शिमग्यात दंडाराजपुरी पडली. मुरूडजवळच्या राजपुरी खाडीच्या काठचा हा कोट तेव्हा मराठ्यांकडे होता आणि समोर पाण्यात सिद्दीचा जंजिरा उभा होता. होळीच्या रात्री शिबंदी सणात दंग असताना सिद्दी खैरियतने जमिनीच्या बाजूने हल्ला केला. सगळे तिकडे धावले, तेवढ्यात सिद्दी कासिमच्या माणसांनी समुद्राच्या बाजूने तटाला शिड्या लावल्या. झटापटीत दारूचे कोठार उडाले. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की वीस कोसांवर झोपलेले शिवाजी महाराज त्याच क्षणी दचकून उठले आणि दंडाराजपुरीवर काही संकट कोसळले, असे म्हणाले.

ही आख्यायिका आपल्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येते. त्याच खाफीखानाने पुढे जे लिहिले, ते तितक्या वेळा येत नाही. सिद्दीने मग आसपासचे आणखी किल्ले घेतले. त्यांपैकी एका किल्ल्यातून सुमारे ७०० माणसे अभयाच्या वचनावर बाहेर पडली. वचन पाळले गेले नाही. पुरुषांना मारले, मुले आणि तरुण स्त्रिया गुलाम केल्या, त्यांना जबरीने बाटवले, म्हाताऱ्या बायकांना तेवढे सोडून दिले. खाफीखान मोगलांच्या बाजूचा, आणि सिद्दी मोगलांचा आरमारप्रमुख. त्याला काळे फासण्यात या लेखकाचा काही लाभ नव्हता.

मराठी आरमाराच्या इतिहासात ती रात्र एक कोट गमावल्याची रात्र म्हणून नोंदली गेली. त्यानंतर गुलाम झालेली ती मुले कोणत्या बंदरात उतरवली गेली, कोणाच्या घरी पाणी भरता भरता म्हातारी झाली, आपली भाषा त्यांना किती वर्षे आठवत राहिली, हे प्रश्न त्या नोंदीत मावले नाहीत. त्या प्रश्नांपासून हे पुस्तक सुरू होते. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या कोकण किनाऱ्यावरील सागरी युद्ध हा त्याचा विषय आहे. पण किल्ले, गलबते आणि तोफा यांच्याइतकेच त्याचे लक्ष पाडाव झालेल्या माणसांकडे आहे. समुद्रावरची कोणतीही सत्ता पारखायची, तर तिने किती जहाजे बुडवली हे विचारण्याआधी पकडलेल्या माणसांचे तिने काय केले हे विचारावे, एवढेच या पुस्तकाचे म्हणणे आहे.

*

जगाच्या इतिहासात या प्रश्नाची सर्वांत प्रसिद्ध कहाणी भूमध्य समुद्रातली. अल्जिअर्स, ट्यूनिस आणि त्रिपोली या उत्तर आफ्रिकेच्या बंदरांतून निघणारी जहाजे युरोपी गलबते धरत आणि त्यांवरच्या खलाशांना बंदीखान्यांत कोंडत. ज्याची खंडणी येई तो सुटे. ज्याची येत नसे तो वल्ह्यावर, दगडाच्या खाणीत किंवा बाजारात जाई. स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस १५७५ ते १५८० अशी पाच वर्षे अल्जिअर्समध्ये बंदी होता आणि खंडणी भरल्यावरच सुटला. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर ब्रिटिश आरमाराचे छत्र गेले आणि तिची व्यापारी जहाजेही पकडली जाऊ लागली. त्रिपोलीशी तिचे युद्ध १८०१ ते १८०५ असे चालले. १८०३ च्या ऑक्टोबरात ‘फिलाडेल्फिया’ ही तिची मोठी युद्धनौका त्रिपोलीसमोर खडकावर रुतली आणि ३०७ माणसे एका झटक्यात कैदेत पडली. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकी नौदलाने रात्री बंदरात शिरून ती नौका जाळली, कैदी मात्र तिथेच राहिले. १८०५ च्या तहात ६०,००० डॉलर मोजल्यावर ते घरी परतले.

या युद्धाचा अभिमान अमेरिकेने खूप मिरवला. पण त्याच वेळी त्या देशाच्या दक्षिणेत लाखो आफ्रिकी माणसे गुलाम होती. बेंजामिन फ्रँकलिनने मृत्यूच्या काही दिवस आधी, १७९० मध्ये, एक उपरोधिक लेख लिहिला. त्यात अल्जिअर्सचा एक काल्पनिक अधिकारी ख्रिस्ती गुलाम बाळगण्याचे समर्थन करतो, आणि त्यासाठी अमेरिकी संसदेत गुलामगिरीच्या बाजूने केले गेलेले युक्तिवादच जसेच्या तसे वापरतो. भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या काठावरही चित्र फार निराळे नव्हते. माल्टाचे ख्रिस्ती सरदार मुसलमान खलाशांना धरून आपल्या गलेरांच्या वल्ह्यांना बांधत. समुद्रावरच्या गुलामगिरीला एकच धर्म वा एकच झेंडा नव्हता. कोकणच्या किनाऱ्याकडे वळताना ही गोष्ट मनाशी ठेवलेली बरी, कारण तिथेही सोपी विभागणी चालत नाही.

*

सिद्दींचीच गोष्ट घ्या. जंजिऱ्यावर मुळात कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. राम पाटलाकडून तो निजामशाहीच्या सरदाराने कपटाने घेतला, पुढे तिथे दगडी तट चढला आणि सतराव्या शतकात बेट हबशी सरदारांच्या हाती स्थिर झाले. हे हबशी कोण? तांबड्या समुद्रापलीकडच्या मुलखातून लहानपणी पकडून किंवा विकत घेऊन आणलेल्या माणसांचे समाज. मलिक अंबर साधारण १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला, मुलपणीच विकला गेला, अरबस्तान आणि बगदाद पाहून दख्खनेत आला, निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याचा गुलाम झाला आणि मालकाच्या मृत्यूनंतर स्वतंत्र होऊन त्याच निजामशाहीचा कर्ता पुरुष बनला. दख्खनेतल्या गुलामीत अशी एक वर जाणारी वाट होती, आणि जंजिऱ्याचे राज्य त्याच वाटेवर उभे राहिले. ज्यांच्या आज्या-पणज्यांना कुणी बंदरावर विकले होते, त्यांच्याच आरमाराने कोकणच्या खाड्यांत शिरून दुसऱ्यांची मुले उचलून नेली.

सिद्दीला त्याच्या वंशावरून नव्हे, त्याच्या धंद्यावरून ओळखावे लागते. त्याच्याकडे मुलूख थोडा होता आणि बेट अभेद्य होते. १६७० मध्ये जंजिऱ्याचा प्रमुख फत्तेखान किल्ला महाराजांच्या हवाली करायला तयार झाला, तेव्हा सिद्दी संबूळ, कासिम आणि खैरियत यांनी त्याला कैद केले आणि औरंगजेबाचा आश्रय घेतला. मोगलांना सुरतेहून निघणारी यात्रेकरूंची आणि मालाची जहाजे सांभाळायला आरमार हवे होते, सिद्दीला पैसा आणि पाठबळ. कासिमला याकूतखान हा किताब मिळाला. त्यानंतर पावसाळ्यात त्याचे आरमार मुंबईत माझगावला नांगर टाकून राही आणि दसऱ्यानंतर कुलाब्याच्या किनाऱ्यावर फिरू लागे. पेण, नागोठण्याच्या खाड्यांतली गावे जळत आणि भातासोबत माणसेही बोटीत चढवली जात. इंग्रजांना हे पटत नसे, पण मोगलांशी बिघाड नको म्हणून ते बंदर मोकळे ठेवत. पुढे १६८९ मध्ये तोच सिद्दी याकूत औरंगजेबाच्या वतीने मुंबईवर उतरला आणि इंग्रजांना वर्षभर किल्ल्यात कोंडून बसला, तेव्हा या पाहुणचाराची किंमत त्यांना कळली.

*

मराठी आरमार उभे राहण्यामागे अनेक हेतू होते: बंदरांची जकात, मिठाचा आणि भाताचा व्यापार, पोर्तुगीजांच्या परवान्यांतून सुटका. पण पहिली गरज किनाऱ्यावरची रयत जागेवर टिकवण्याची होती. शेतकरी पेरणी करून कापणीपर्यंत गावात राहीलच याची खात्री नसेल, तर सारा कोणाकडून घ्यायचा? १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी हाती आल्यावर उल्हास खाडीच्या काठी जहाजे बांधायला सुरुवात झाली. लैतांव व्हिएगश या पोर्तुगीज घराण्याची माणसे त्या कामावर होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवून परत बोलावले, तरी काम थांबले नाही. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः ८५ गलबते आणि ३ मोठी जहाजे घेऊन बसरूरवर गेले.

या आरमाराचे रूप कोकणच्या भूगोलाने घडवले. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, उथळ तळाची, नाकाडावरच्या तोफांनी समोर मारा करणारी. गलबत तिच्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे, वारा पडला तरी चालणारे. खोल समुद्रात इंग्रजी फ्रिगेटीपुढे त्यांचा निभाव लागत नसे. पण खडकाळ किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या धारेत, खाडीच्या तोंडाशी ती मोठ्या जहाजांना जेरीस आणत. १६७९ मध्ये मायनाक भंडारी याने खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. रात्रीच्या काळोखात, वारा नसताना, वल्ह्यांवर चालणारी मराठी होडकी थळच्या बाजूने रसद पोहोचवत राहिली आणि शिडांच्या जहाजांना ती अडवता येईनात. १८ ऑक्टोबरला मराठी आरमाराचा अधिकारी दौलतखान याच्या गलबतांनी थेट हल्ला केला. कप्तान केगविनच्या ‘रिव्हेंज’ने तो परतवला, पण ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली आणि तिच्यावरचे इंग्रज सागरगडावर कैदेत गेले.

वल्ह्यावर कोण बसले होते, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. गोव्याच्या पोर्तुगीज गलेरांवर गुन्हेगार आणि गुलाम साखळीने बांधलेले असत. मराठी गलबतांवर कोळी, भंडारी, गाबीत, खारवी आणि दालदी होते, बहुतेक किनाऱ्याचेच, घर-दार मागे ठेवून आलेले. म्हणून मराठी आरमारात माणूस टिकवणे हे लाकूड मिळवण्याइतकेच अवघड काम होते. १६७५ च्या जानेवारीत प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने पद्मदुर्गाला रसद वेळेवर दिली नाही, तेव्हा महाराजांनी त्याला लिहिलेले पत्र आजही अंगावर येते. जंजिऱ्याच्या उरावर दुसरा किल्ला उभा करताना उपासमारीने लोक पळाले, तर ते सिद्दीच्याच तावडीत सापडणार, ही भीती त्या संतापामागे असावी. १६७६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटील कोळ्याने जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. त्या रात्री लष्कर वेळेवर पोहोचले नाही आणि तो मागे फिरला. त्याच्या धाडसाचा मान मात्र महाराजांनी राखला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडी दगडांनी भरून जंजिऱ्याला वाट करण्याचा प्रयत्न केला, तोही मोगल फौज कल्याणवर उतरल्याने अर्धा राहिला.

जंजिरा अखेरपर्यंत पडला नाही. १७३३ मध्ये पेशव्यांनी सिद्दीविरुद्ध मोठी मोहीम काढली, त्यात रायगड परत मिळाला. १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळ चिमाजी अप्पांनी सिद्दी सातला रणात मारले; याच सिद्दी सातने १७२७ मध्ये परशुरामक्षेत्र लुटले होते. त्यानंतर सिद्दीचा किनाऱ्यावरचा जोर मोडला, संस्थान मात्र १९४८ पर्यंत चालले. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या युद्धाचा ताळेबंद किल्ल्यांच्या हिशेबात अपुरा दिसतो; खाडीकाठची गावे पुन्हा वसली, या हिशेबात तो पुरा दिसतो.

*

पाडाव झालेल्या माणसापुढे या किनाऱ्यावर साधारण पाच वाटा होत्या, आणि पुस्तकाच्या चौथ्या भागाची मांडणीही त्याच वाटांनी केली आहे.

पहिली वाट ओलिसाची. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात विजापूरकर सरदार सिद्दी जौहरच्या बाजूने तोफगोळे उडवायला गेलेले राजापूरचे इंग्रज पुढच्या वर्षी मराठ्यांनी पकडले. हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती १६६३ च्या सुरुवातीपर्यंत डोंगरी किल्ल्यांवर बंदीत होते. त्यांचे हाल झाले, त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीला कडवट पत्रे लिहिली, पण त्यांना कुणी विकले नाही. ते राजकारणाच्या सौद्यातले मोहरे होते.

दुसरी वाट खंडणीची, आणि तिच्यावरचे सर्वांत गाजलेले नाव कॅथरिन चाऊन. १७१२ च्या अखेरीस कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर एस्लबी याची सशस्त्र नाव धरली. कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन मारला गेला, त्याची पत्नी कुलाब्याच्या किल्ल्यात अडकली आणि ३०,००० रुपये भरल्यावर १७१३ मध्ये सुटली. या कैदेवर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले. तिच्यासोबत त्या नावेवर असलेल्या देशी खलाशांबद्दल एक ओळही सापडणे कठीण.

तिसरी वाट बाजाराची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन लिहितो की शहराच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरे, आणि घोडे, कापड यांसोबत माणसेही विकली जात. मोझांबिकहून आणलेले काफिर, बंगालच्या उपसागरातून धरलेली मुले, कोकणातली माणसे, सगळ्यांना तिथे भाव होता. १६६८ मध्ये मस्कतच्या अरबांनी दीव लुटले आणि पोर्तुगीज रयतेतली असंख्य माणसे पलीकडे नेली. म्हणजे बाजार दोन्ही दिशांना चालू होता.

चौथी वाट चाकरीची. पकडलेला कुशल तोफची, सुतार किंवा तांडेल कोणालाही हवा असे, आणि या किनाऱ्यावरच्या सगळ्याच आरमारांत शत्रूकडून आलेली माणसे कामाला दिसतात.

पाचवी वाट पळून जाण्याची. येल्लापूर-हल्याळच्या जंगलांत आज राहणाऱ्या सिद्दी समाजातले बरेच जण गोव्यातून सुटलेल्या गुलामांचे वंशज मानले जातात. त्यांच्यातले कित्येक घरी कोंकणी बोलतात. ज्यांनी त्यांना बांधून ठेवले, त्या मुलखाची भाषा त्यांनी जंगलात जपली.

*

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या पूर्व विदर्भात या पुस्तकाचे काम काय, असा प्रश्न तिथल्या वाचकाला पडू शकतो. त्याला उत्तर त्याच्याच भागात आहे. गोंदियाच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्थानकाच्या पलीकडे, छत्तीसगडच्या सीमेजवळच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून गोंड समाज जमतो. कोया पुनेम या गोंड धर्माची परंपरा सांगते की माता काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती. जंगो रायताड आणि पारी कुपार लिंगो यांनी त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला. हिरासुका पाटालीर याने किंगरी वाजवली, तोंडावरची शिळा हलली, मुले बाहेर आली आणि शिळेखाली वाजवणाऱ्याचा अंत झाला. सुटलेल्या त्या मुलांपासून गोंडांची सगाव्यवस्था मांडली जाते.

ही श्रद्धेची कथा आहे, तिला इतिहासाच्या तराजूत घालण्याचे कारण नाही. पण एका समाजाने आपल्या उगमाच्या कथेत मध्यभागी काय ठेवले, हे पाहण्याजोगे आहे. तिथे राजा नाही, विजय नाही, तट नाही. कोंडलेली मुले आहेत, त्यांना सोडवणारी माणसे आहेत आणि सोडवताना गेलेला एक वादक आहे. दरवर्षी लाखो लोक त्या आठवणीपुढे नतमस्तक होतात. कोकणच्या बाबतीत आपण नेमके उलटे केले. बुरुजांची उंची, तोफांची नावे, तहांची कलमे आपल्याला पाठ आहेत. मुले हरवलेल्या गावांची नावे कोणी जमवली नाहीत. कचारगडला जे सहज कळलेले आहे, ते किनाऱ्याच्या इतिहासाने शिकायला हवे.

*

आता चाचेगिरीविषयी. कंपनीच्या कागदांत कान्होजी आंग्रे चाचा आहे. मराठी राज्यात तो सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होता, बाळाजी विश्वनाथांनी त्याच्याशी रीतसर करार केला होता आणि आपल्या समुद्रात येणाऱ्या व्यापाऱ्याने आपला दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा, ही त्याची मागणी होती. पोर्तुगीज दोनशे वर्षे हेच करत आले होते. त्यांचा कार्ताझ नसलेले जहाज ते जप्त करत, प्रसंगी माणसांसकट जाळत, आणि युरोपात त्याला कायदा म्हटले जाई. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज दर्यावर्द्याने मक्केहून परतणारे ‘गंज-इ-सवाई’ हे बादशाही जहाज लुटले, त्यावरच्या स्त्रियांवर अत्याचार केले. त्यासाठी सुरतेचे इंग्रज व्यापारी बेड्यांत पडले. कान्होजीविरुद्ध १७२१ मध्ये कुलाब्यावर चालून आलेला कमोडोर मॅथ्यूज मुळात मादागास्करच्या युरोपी चाच्यांचा बंदोबस्त करायला निघालेला होता. त्याच मादागास्करमधून कंपनीची जहाजे मुंबईसाठी आणि सेंट हेलेनासाठी गुलाम विकत आणत. आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा वॉटसन आणि क्लाईव्ह या इंग्रजांच्या जहाजांसोबत पेशव्यांची फौजही होती. किनाऱ्याची ढाल आपल्याच हाताने मोडल्याचा हा प्रसंग स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे.

नावे कोण ठेवतो, यावर बराच वाद घालता येतो. पण खलाशाच्या बाजूने पाहिले की वाद बराचसा मिटतो. त्याला दस्तक नसल्याने धरले की कार्ताझ नसल्याने, याने त्याच्या पायातल्या बेडीचे वजन बदलत नव्हते. वर सांगितलेल्या पाच वाटांपैकी त्याच्या वाट्याला कोणती आली, एवढाच प्रश्न होता.

*

या प्रश्नाला एका राज्यकर्त्याने कायद्याच्या भाषेत उत्तर दिलेले आढळते. १६७७ च्या ऑगस्टमध्ये, कर्नाटकाच्या स्वारीत, शिवाजी महाराजांनी किनाऱ्यावरच्या डचांना व्यापाराचा कौल दिला. त्यात एक कलम असे आहे की मुसलमानी अमलात तुम्हाला इथून स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन बाहेर नेण्याची मुभा होती. मी या मुलखाचा धनी आहे तोवर ती मिळणार नाही, आणि कोणी प्रयत्न केला तर माझी माणसे त्याला अडवतील. कोरोमंडल किनाऱ्यावर दुष्काळ पडला की उपाशी आईबाप मुले विकत, आणि डच जहाजे ती हजारोंनी बटाव्हिया आणि सिलोनला नेत. त्या व्यापाराच्या मुळावर हे कलम घाव घालत होते. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराचे नियम लिहिले, तेव्हा कौली व्यापाऱ्याला त्रास देऊ नये, शत्रूच्या मुलखातला सावकारही सापडला तर त्याला दिलासा देऊन बंदरात आणावे, असे बजावले. वल्ही मारणाऱ्या कोळ्यापासून सुभेदारापर्यंत सगळ्यांना लागू होणारी ही शिस्त आहे.

इथेच थांबलो तर प्रस्तावना सुखाची होईल आणि खोटी होईल. माणसे देशाबाहेर विकण्याला बंदी घालणाऱ्या राज्याच्या पोटात कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम दासी, होत्या. पेशवाईत तर त्यांची खरेदी-विक्री, त्यांवरची जकात, त्यांना सोडण्याची पत्रे दप्तरांत जागोजागी सापडतात. मोहिमेत धरलेल्या स्त्रिया, दुष्काळात विकल्या गेलेल्या मुली, व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या बायका कोठारांत आणि वाड्यांत राबत. गुलामगिरीला कायद्याचा आधार काढून घेणारा कायदा कंपनी सरकारने १८४३ मध्ये केला, तोपर्यंत हे चालू होते. समुद्रावरून माणूस नेणारा सिद्दी आपल्याला दिसतो, कारण तो परका आणि शत्रू होता. माजघरात दळण दळणारी कुणबीण दिसत नाही, कारण ती आपली होती.

*

या विषयाच्या साधनांबद्दल वाचकाने एक गोष्ट जाणून घ्यावी. त्रिपोलीच्या कैदेतून सुटलेल्या अमेरिकी डॉक्टराने आणि खलाशांनी आपापली आठवणींची पुस्तके छापली. अल्जिअर्सच्या बंदीवासावर सोळाव्या शतकापासून युरोपात ग्रंथच्या ग्रंथ निघाले. आंग्र्यांच्या युद्धांवर क्लेमेंट डाउनिंगने १७३७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. पेण किंवा नागोठण्याहून नेलेल्या मुलाने कुठे काही लिहिल्याचे आढळत नाही. त्याचा माग काढायचा तर दुसऱ्यांच्या कागदांतून काढावा लागतो: इंग्रजी वखारीच्या पत्रांतला एखादा तक्रारीचा उल्लेख, पोर्तुगीज तहातले कैदी परत करण्याचे कलम, पेशवे दप्तरातली एखादी ओळ. हे कागद ज्यांनी लिहिले, त्यांना त्या माणसांशी देणेघेणे नव्हते. त्यांना जहाजाची किंमत आणि तहाची अट टिपायची होती. म्हणून पुढच्या प्रकरणांत जिथे आकडा आहे तिथे आकडा दिला आहे, आणि जिथे फक्त घटना आहे तिथे घटनेवरच थांबलो आहे. तीन शतकांनंतर हरवलेल्यांना कल्पनेने चेहरे देणे सोपे असते, आणि त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला तो अन्यायही असतो.

पुस्तकाचे पहिले तीन भाग कालक्रमाने जातात: पोर्तुगीजांचे सोळावे शतक, सिद्दीशी झालेले युद्ध आणि आंग्र्यांचा काळ. चौथा भाग वर सांगितलेल्या पाच वाटांचा मागोवा घेतो. पाचवा भाग जमिनीवरच्या गुलामगिरीचा आहे, आणि आरमाराच्या पुस्तकात तो का घातला हे इथवर वाचणाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नसावी. ज्यांना फक्त लढायांत रस आहे, त्यांनी तो भाग वगळू नये, एवढी विनंती. खांदेरीच्या विजयाचा अभिमान बाळगण्याचा हक्क आपल्याला आहे. पण १६७७ च्या कौलातले कलम ज्या दिवशी लिहिले गेले, त्या दिवसापासून तो अभिमान त्या कलमाच्या कसोटीला बांधला गेला. शत्रूला जी बंदी घातली, ती आपल्या माजघरातही पाळली का, हे विचारल्याशिवाय या युद्धाचा निकाल लावता येत नाही, आणि पाचव्या भागातले कागद सांगतात की बहुतेक वेळा ती पाळली गेली नाही.